निर्णयाला चूक म्हणण्याआधी

पुणे

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा सावकाश वाचला. रिक्षाचालक कोणते भाडे नाकारतात आणि दिवसाचे काम केव्हा आटोपते घेतात, हा विषय पुण्यात राहणाऱ्याला सुचावा यात नवल नाही. संध्याकाळी स्वारगेटला पाऊस पडत असताना तो ज्याला सुचला नाही, असा पुणेकर विरळाच. मात्र पहिल्याच परिच्छेदात तू या नकाराला अविवेकी ठरवून मोकळा झाला आहेस. ज्याचा शोध घ्यायचा, त्याचाच निकाल तिथे आधी लागलेला आहे. निवड करणाऱ्याच्या पुढ्यात काय होते, त्याला कशाची भीती होती आणि तो कोणता हिशेब मांडत होता, हे कळेपर्यंत कोणताही निर्णय चुकीचा म्हणू नये, एवढेच मला या पत्रात सांगायचे आहे.

प्राण्यांवर काम करणाऱ्यांना हे लवकर शिकावे लागते, कारण प्राणी आपली बाजू मांडत नाही. टॉमस कॅराको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये जंको नावाच्या लहान पक्ष्यांवर केलेला प्रयोग पाहा. पक्ष्यापुढे दोन पर्याय असत: एकीकडे ठरावीक दाणे खात्रीने मिळत, दुसरीकडे कधी जास्त तर कधी काहीच नाही, मात्र सरासरी दोन्हीकडे सारखीच. मिळणाऱ्या अन्नात शरीराची गरज भागत असेल, तर पक्षी खात्रीचा पर्याय घेत. भागत नसेल, तर तेच पक्षी अनिश्चित पर्यायाकडे वळत. सरासरीवर नजर ठेवणाऱ्याला हा लहरीपणा वाटेल. पण खात्रीचे दाणे खाऊनही ज्याची रात्र निभणार नाही, त्याला जुगाराखेरीज दुसरी वाट उरते कुठे? पुढे इतर प्रजातींवर झालेल्या प्रयोगांत हा नियम इतक्या ठळकपणे सर्वत्र दिसला नाही, तेव्हा तो सिद्धान्त म्हणून रिक्षाचालकांवर लादू नकोस. घ्यायची ती त्यातली विचारण्याची पद्धत.

तुझ्या विषयाला थेट भिडणारा वाद न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांवरून झाला. कॅमरर, बॅबकॉक, लोवेनस्टाइन आणि थेलर यांनी १९९७ मध्ये असे दाखवले की, ज्या दिवशी तासाची कमाई चांगली होते, त्या दिवशी चालक उलट लवकर घरी जातात. त्यांनी मनाशी रोजच्या कमाईचे एक लक्ष्य धरलेले असते आणि ते गाठले की ते थांबतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. हेन्री फार्बर यांनी मात्र २०१५ मध्ये, २००९ ते २०१३ या काळातील फेऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी तपासून, हा निष्कर्ष बऱ्याच अंशी उलटवला: कमाई चांगली असेल तेव्हा बहुतेक चालक अधिक काळ काम करतात. पावसात टॅक्सी मिळत नाही हे खरे निघाले, पण लक्ष्य लवकर गाठले गेल्यामुळे नव्हे. पावसात गिऱ्हाईक वाढले तरी रस्ते तुंबतात आणि तासाची कमाई वाढतच नाही. पाऊस तोच, टॅक्सीची टंचाई तीच, पण कारण मात्र सर्वस्वी वेगळे. तुझ्या प्रश्नावलीत रहदारीचा उल्लेखही नाही. रिक्षा स्वतःची आहे की रोजच्या भाड्याने घेतलेली, ती दुसऱ्या चालकाच्या हाती किती वाजता द्यायची आहे, सीएनजीच्या रांगेत किती वेळ जातो, ज्या भागात जायचे तिथून परतीचे भाडे मिळते का, यांपैकी काहीच तू विचारलेले नाहीस. हे विचारल्यानंतरही जो नकार उलगडत नाही, तोच अभ्यासाला घेण्याजोगा.

कारणे वेगळी कशी काढायची, याचा उत्तम धडा मिलिंद वाटवे आणि त्यांच्या पुण्यातील विद्यार्थ्यांनी वेड्या राघूवर केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात आहे. हा पक्षी मातीत बीळ करून घरटे करतो आणि शत्रू जवळपास असला की घरट्यात शिरायला कचरतो. शत्रू जवळ आला म्हणून तो कचरतो, की शत्रूला घरटे दिसते आहे म्हणून? हे पाहण्यासाठी निरीक्षकानेच शत्रू म्हणून उभे राहायचे आणि घरट्यापासून सारख्याच अंतरावरच्या दोन जागा निवडायच्या. एकीवरून घरट्याचे तोंड दिसते, दुसरीवरून दिसत नाही. जिथून घरटे दिसत नव्हते तिथे माणूस असताना पक्षी अधिक वेळा आत शिरले. अंतर तेच राहिल्यामुळे, केवळ जवळिकीची भीती हे स्पष्टीकरण तिथेच गळून पडले. पक्ष्याला दुसऱ्याचे मन कळते, असा दावा करायला अर्थातच एवढे पुरेसे नाही, आणि त्यावरचा वाद चालू राहावा हेच बरे. पण महागड्या उपकरणांवाचून, केवळ उभे राहण्याची जागा नेमकी निवडून दोन कारणे वेगळी करता येतात, हे तुझ्यासारख्या मर्यादित निधीच्या विद्यार्थ्याने मनावर घ्यावे. एकच चालक, सारखेच अंतर, पण एका ठिकाणाहून परतीचे भाडे मिळते आणि दुसऱ्याहून मिळत नाही, अशा जोड्या तुला शोधाव्या लागतील.

मेंदूच्या संशोधनाचे तुला आकर्षण आहे, म्हणून त्यातली एकच उपयोगी गोष्ट सांगतो. पडद्यावर हलणारे ठिपके डावीकडे जातात की उजवीकडे, हे ओळखणाऱ्या माकडांच्या मेंदूतील पेशींच्या नोंदी घेताना, निर्णयाकडे नेणारा पुरावा हळूहळू साठत जातो असे दिसले; आणि निवडीबरोबरच तिला लागलेला वेळही तितकाच बोलका असतो, हे रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या निर्णयप्रक्रियेच्या गणिती प्रतिमानापासून मानले जाते. तेव्हा नुसता होकार-नकार लिहू नकोस. चालकाने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, त्याचीही नोंद कर. तात्काळ आलेला नकार आणि क्षणभर थांबून आलेला नकार बहुधा एका प्रकारचे नसतात.

गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत नोंदी घेण्याआधी लिहून, तारीख घालून माझ्याकडे दे. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या अधिक अभ्यासांत मूळ निष्कर्ष टिकला, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्यानंतर आकडे पाहून गृहीतक बेतण्याची सवय कोणाला परवडणारी नाही.

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता येईपर्यंत एकाही चालकाशी बोलू नकोस. संमतीपत्र साध्या मराठीत असू दे, ते वाचून दाखव, आणि नाव किंवा रिक्षाचा क्रमांक वहीत उतरवू नकोस. भाडे नाकारल्याची कबुली देणाऱ्याला तुझ्या वहीमुळे दंड होता कामा नये. मुलाखतीसाठी दुपारची वेळ निवड. गर्दीच्या वेळी तू घेतलेली दहा मिनिटे ही त्याची कमाई असते.

कळावे.

तुझा शुभचिंतक