पालकांचे प्रश्न : मूल घरी असताना शाळा कशी शिकवते?

प्रश्न : माझी मुलगी सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. पायाचे हाड मोडल्याने डॉक्टरांनी तिला सहा आठवडे शाळेत पाठवू नका असे सांगितले आहे. वर्गशिक्षिका रोज फळ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. पण घरातला एकुलता स्मार्टफोन तिचे वडील कामावर नेतात आणि संध्याकाळी तो हाती आला की ती नुसते उतरवून काढते. शाळेकडे आम्ही नेमके काय मागावे?

उत्तर : फोन एकच असणे ही अडचण आहेच, पण खरी अडचण आपण लिहिलेल्या ‘नुसते उतरवून काढते’ या शब्दांत आहे. फळ्याचा फोटो घरी आला म्हणजे पाठ घरी आला असे होत नाही. आठ वर्षांच्या मुलीला बाई हव्या असतात त्या तिने काय केले ते पाहून तिच्याशी बोलण्यासाठी, आणि मूल घरी असताना शाळेने सर्वांत आधी सांभाळायचे ते हेच.

वजाबाकीचेच पाहा. ५२ मधून २७ वजा करताना या वयाची कितीतरी मुले ३५ लिहितात. वहीच्या फोटोवर फुली मारून उत्तर परत आले, तर मूल खोडून २५ लिहिते आणि पुढच्या गणितात तीच चूक पुन्हा करते. बाईंनी फोनवर ‘कसं केलंस, सांग बरं’ असे विचारले, तर मात्र ते सांगते, ‘सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.’ मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, एवढेच त्याने मनाशी धरले आहे हे तेव्हा कुठे कळते. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर मांडून एक गठ्ठा सोडायला सांगितला, की दशक सुटा करणे म्हणजे काय हे त्याला हाताने उमगते. या कामाला स्मार्टफोन लागत नाही, साधा फोनही पुरतो.

२०२० मध्ये शाळा बंद असताना हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, नाशिक-पालघरकडील पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले, आणि ज्या घरी इंटरनेट नव्हते तिथेही आवाज पोहोचला. त्या प्रयत्नांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु वाहिनीला किंवा कर्ण्याला मुलाचे म्हणणे ऐकू येत नाही. ते ऐकले गावात फिरून, ओट्यावर चार-चार मुलांना बसवून शिकवणाऱ्या शिक्षकांनी.

म्हणून आपण थोडेच मागा, पण नियमित मागा. सोमवारी आठवड्याच्या अभ्यासाचा एक कागद, वर्गातल्या शेजारच्या मुलाबरोबर वहीची ने-आण, आणि आठवड्यातून दोनदा, फोन घरी असेल अशा वेळी, बाईंचे मुलीशी दहा मिनिटांचे बोलणे. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील साहित्य रात्री डाउनलोड करून ठेवता येते. ते पूरक म्हणून ठीक आहे. मागायला संकोच वाटू देऊ नका. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २४ ने शिक्षकाचे कर्तव्यच ठरवले आहे. मात्र त्याच कायद्यात साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोनच शिक्षक धरले आहेत, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असू शकतात, हेही बोलताना ध्यानात असू द्या.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इमारतीच्या दुरुस्तीसाठी मुलाची शाळा आठवडाभर बंद आहे आणि रोज तीन तासांचा अभ्यास घरी दिला जातो. सहा वर्षांच्या मुलाला इतका वेळ पडद्यासमोर बसवणे योग्य आहे का?

उत्तर : तसे बसवणे अपेक्षितच नाही. तिथल्या शिक्षण विभागाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाच ते सात वर्षांच्या गटासाठी दिवसाला सरासरी तीन तास आणि त्यापुढील प्राथमिक वर्गांसाठी चार तास धरले आहेत. पण त्यात शिक्षकांच्या शिकवण्याबरोबर मुलाने स्वतः करायचे वाचन, लेखन, गणितही मोजले जाते, आणि लहानांना त्याहून कमी वेळ चालतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाविषयीच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रे ठरवली होती, हे तुलनेसाठी सांगतो. पाठ पाहून झाला की पडदा बंद करा. गोष्ट ऐकून सांगायची असेल, तर ती त्याला आधी मराठीत सांगू द्या, मग इंग्रजीत लिहू द्या. आणि कुठे अडला ते स्वतः दुरुस्त न करता तसेच शिक्षकांना कळवा. त्यांना वर्गात जे समोर दिसले असते, ते आता तुमच्याकडूनच कळणार आहे.