ब्रेक्झिटने ब्रिटनचं नक्की किती नुकसान झालं? दोन्ही बाजूंचे आकडे जुळत का नाहीत?

तुमचा प्रश्न असा: एक जण म्हणतो ब्रेक्झिटने, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडल्याने, ब्रिटनचं वाटोळं झालं, दुसरा म्हणतो काडीचाही फरक पडला नाही, आणि दोघेही आकडे दाखवतात, मग खरं कुणाचं? बहुतेक वेळा आकडे दोघांचेही खरेच असतात. मोजणी कुठल्या तारखेपासून केली आणि तुलना कशाशी केली, घोळ तिथे असतो.

आधी तारखा. सार्वमत २३ जून २०१६ला झालं, बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, विरुद्ध ४८.१ टक्के. ब्रिटन कागदोपत्री बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२०ला. पण त्या वर्षअखेरपर्यंत संक्रमणकाळ होता, म्हणजे ट्रक आणि माणसं पूर्वीसारखीच ये-जा करत होती. व्यापाराचे नियम बदलले ते १ जानेवारी २०२१पासून. त्यामुळे "२०१८मध्ये कुठे काय बिघडलं?" हा युक्तिवाद लंगडा आहे. तेव्हा पौंड घसरलेला होता आणि गुंतवणूकदार हात आखडून बसले होते, नियम मात्र जुनेच होते. २०२०ची पडझड ब्रेक्झिटच्या खात्यात टाकणंही तितकंच चूक, ती टाळेबंदीची. आणि "ब्रेक्झिट झालं म्हणून लस लवकर मिळाली" हा लाडका दावाही तारखेतच अडकतो: फायझरच्या लशीला ब्रिटनने २ डिसेंबर २०२०ला मंजुरी दिली, तेव्हा युरोपीय संघाचेच औषध नियम लागू होते आणि आणीबाणीतल्या मंजुरीची मुभा त्याच नियमांत होती.

आता मुख्य गोष्ट. "युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार करारानुसार ड्युटी शून्य आहे, मग अडचण कसली?" असं हमखास विचारलं जातं. माझ्या मते नुकसान ड्युटीत शोधणाऱ्याला ते सापडणारच नाही, कारण ते कागदांत आहे.

इंग्लंडमधल्या सॉमरसेटहून फ्रान्सला चीज पाठवायचंय असं समजा. २०२०पर्यंत बिल फाडलं, माल ट्रकवर चढवला, झालं. आता निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक लागतो, मालाचा नेमका कमोडिटी कोड लागतो, निर्यात घोषणापत्र लागतं. बिलावर माल ब्रिटिश मूळाचा असल्याचं ठरावीक शब्दांतलं निवेदन हवं, नाहीतर शून्य ड्युटीचा लाभ सहसा मिळत नाही. दुधाचा पदार्थ म्हणून अधिकृत पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र हवं, त्याची युरोपच्या संगणक प्रणालीवर आगाऊ सूचना हवी, शिवाय पलीकडे आयात घोषणापत्र आणि व्हॅट. फ्रान्सच्या कॅले बंदरातल्या तपासणी नाक्यावर पशुवैद्याचा शिक्का चुकीच्या जागी असला किंवा बॅच नंबर जुळला नाही तरी माल अडकतो.

यात दोन गोष्टी छोट्या व्यापाऱ्याला मारतात. एक पॅलेट पाठवा नाहीतर अख्खा ट्रक, कागदांचा खर्च जवळपास तेवढाच. तो वीस टनांवर सहज पसरतो, शंभर किलोंवर नाही. दुसरं म्हणजे एका ट्रकमध्ये आठ-दहा जणांचा माल एकत्र जात असेल, तर एकाच्या कागदातल्या चुकीपायी सगळ्यांचा माल खोळंबतो. मग वाहतूकदार असा मिश्र माल घ्यायलाच कुरकुर करतात. म्हणून मोठ्या कंपन्यांचे आकडे पाहिले तर "ठीक चाललंय" असं दिसतं आणि लहानांनी युरोपची ऑर्डर घेणंच सोडलेलं असतं. न घेतलेली ऑर्डर कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मूळाच्या, म्हणजे माल कुठे तयार झाला या, नियमाचा फटका तर भारतीय मालालाही बसला. तिरुपूरचे टी-शर्ट ब्रिटनच्या गोदामात आले, तिथली ड्युटी भरून सोडवले आणि तसेच डब्लिनच्या दुकानात पाठवले, तर ते ब्रिटिश ठरत नाहीत. आयर्लंड युरोपीय संघात असल्याने तिथे युरोपची ड्युटी पुन्हा भरावी लागते, कपड्यांवर ती १२ टक्क्यांपर्यंत जाते. यावर उपाय दोनच: माल ड्युटी न भरता बॉन्डेड गोदामात ठेवून ट्रान्झिट कागदांवर पुढे पाठवणं, किंवा युरोपचा माल आधीच वेगळा करून थेट नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरवणं.

तुलनेचा घोळ सर्वांत जास्त होतो तो '४ टक्के' या आकड्यात. ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर स्वतंत्रपणे देखरेख ठेवणाऱ्या 'ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी'चं गृहीतक असं की संघात राहिलं असतं त्या मानाने उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील, आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी. म्हणजे अर्थव्यवस्था चार टक्क्यांनी आकसली असा याचा अर्थ नाही, दरवर्षी चार टक्के तर मुळीच नाही. १००वरून ११५वर जायची ती ११०च्या आसपास अडते, असं समजा. त्यामुळे "वाढ होतेय, मग नुकसान कुठंय?" हे उत्तर होऊ शकत नाही. मात्र हा आकडा न मानणाऱ्यांचा एक आक्षेप रास्त आहे: 'संघ न सोडलेलं ब्रिटन' कुणी पाहिलेलं नाही. ते इतर देशांच्या आकड्यांची सरासरी काढून उभं करावं लागतं, आणि त्यात अमेरिकेला जास्त वजन दिलं तर नुकसान मोठं दिसतं, जर्मनीला दिलं तर लहान.

भाकितांच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे पाय मातीचेच. मतदानाआधी ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितलं होतं की कौल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला तर लगेच मंदी येईल आणि बेकारी पाच लाखांनी वाढेल. तसं झालं नाही. दुसरीकडे बाहेर पडू म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर युरोपीय संघाला जाणारे आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचवण्याची बात होती. तो आकडा १९८०च्या दशकात तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी संघाच्या वर्गणीत मिळवलेली सूट वजा न करता काढलेला. ती वजा केली की उरतात साधारण २५ कोटी, आणि त्यातलेही बरेच शेती अनुदान, संशोधन वगैरे रूपाने परत येत.

स्थलांतराचं तर उलटंच झालं. मुक्त संचार बंद झाला, युरोपीय लोकांचं येणं आटलं, पण गुणांवर आधारित व्हिसामुळे भारत, नायजेरियाकडून ओघ वाढला आणि २०२३च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) ९ लाखांच्या घरात गेलं. ज्यांनी 'कमी लोक' म्हणून मत दिलं त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको.

फायद्याच्या बाजूला भारताशी २४ जुलै २०२५ला झालेला व्यापार करार ठेवावाच लागेल. संघात राहून ब्रिटनला तो एकट्याने करता आला नसता. पण ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे की दीर्घकाळात त्याने वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल, म्हणजे जीडीपीच्या ०.१ टक्क्याच्या आसपास. वरचे चार टक्के शेजारी ठेवून बघा.

आपल्याकडच्या लोकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधल्या स्विंडन, साउथॉलला जाणाऱ्या गोवेकरांचा रस्ता बदललाय. ३१ डिसेंबर २०२०पर्यंत जे तिथे राहायला गेले होते, त्यांना ३० जून २०२१च्या मुदतीत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. आता नव्याने जाणाऱ्याला तोच पासपोर्ट उरलेल्या २७ देशांत नोकरीला चालतो, ब्रिटनमध्ये मात्र भारतीय पासपोर्टवाल्यासारखाच वर्क व्हिसा काढावा लागतो. "पोर्तुगीज काढून देतो, लंडनला जा" असं सांगणारा एजंट आजही भेटला, तर पैसे देऊ नका.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांसाठी: कीडनाशकांच्या अवशेषांच्या कमाल मर्यादा ब्रिटन आता स्वतः ठरवतं. सुरुवातीला यादी युरोपचीच होती, पण पुढचे बदल दोघे आपापले करतात, त्यामुळे एकीकडे पास झालेला कंटेनर दुसरीकडे आपोआप पास होईल असं धरू नका. रॉटरडॅमला उतरवून उरलेला माल ब्रिटनला वळवायची शक्यता असेल, तर लॅबचा रिपोर्ट दोन्ही याद्यांशी आधीच ताडून घ्या आणि फवारणीचं वेळापत्रक दोन्हींतली कडक मर्यादा धरून आखा.