दुर्बिणीच्या टाक्यातून हर्निया : दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी देवगडची, आमचा आंब्याचा धंदा आहे. दीड वर्षापूर्वी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून वजन घटवण्याची शस्त्रक्रिया केली. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) तेव्हा ४१ होता. साडेतीन लाख खिशातून भरले. सहा महिन्यांनी बेंबीजवळच्या टाक्याखाली फुगवटा दिसला. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, चरबी आहे. आता सीटी स्कॅनमध्ये हर्निया निघाला, म्हणजे पोटाच्या आवरणातल्या फटीतून आतला भाग बाहेर आलाय. रुग्णालय अर्ध्या दरात दुरुस्ती करून द्यायला तयार आहे, पण ‘तक्रार नाही’ असं लिहून मागतंय. विमा कंपनीनेही ‘लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेची गुंतागुंत’ म्हणून आगाऊ मंजुरी नाकारली. भाऊ म्हणतो, पोलिसांत जा.

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. बाकीचं नंतर.

पोलिसांचा विषय सोडून द्या. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की फौजदारी कारवाईला घोर निष्काळजीपणा लागतो. तुमच्या हकिगतीत तो मला दिसत नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे, पण हर्निया झाला एवढ्यावर निकाल मिळत नाही. ही या शस्त्रक्रियेची माहीत असलेली गुंतागुंत आहे. दुर्बीण आणि हत्यारं आत घालायला पोटावर भोकं पाडतात. त्यातल्या दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या भोकाखालचं स्नायूंवरचं आवरण सहसा टाका घालून बंद करतात. जाड पोटात तिथवर पोचणं अवघड असतं, आणि चांगल्या सर्जनचा टाकाही कधी सुटतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर भागणार नाही. ऑपरेशन नोट हवी : भोकं किती मिलिमीटरची आणि आवरण शिवलं की नाही. सगळ्या कागदपत्रांसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागतात.

संमतीपत्रही मागवा. सर्वोच्च न्यायालयाच्या समीरा कोहली निकालानुसार (२००८) महत्त्वाचे धोके आधी सांगायला हवेत. अगदी दुर्मीळ शक्यता नाही सांगितल्या तरी चालतं. हर्निया कुठल्या खान्यात बसतो, यावर दोन्ही बाजू भांडतील. मला विचाराल तर तुमची खरी बाजू तो फोन आहे. फुगवटा न तपासता चरबी म्हणून सोडून देणं, ही ‘माहीत असलेली गुंतागुंत’ नव्हे. कॉलची नोंद, व्हॉट्सॲप, फोटो, जे असेल ते जपा. पलीकडून ‘बाईंनी आंब्याच्या पेट्या उचलल्या’ हे येणारच. वजन कधीपासून उचलायचं, हे कार्डावर लिहिलंय का बघा.

मुदत दोन वर्षांची. ती फुगवटा कळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद होतो, पण त्या भरवशावर राहू नका. शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मोजा. म्हणजे हातात थोडेच महिने आहेत. तक्रारीसाठी मुंबई गाठायला नको. राहत्या जिल्ह्यात, म्हणजे ओरोसला सिंधुदुर्ग जिल्हा आयोगात ती करता येते. रुग्णालयाला दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही.

विम्याची बाजू मला जास्त भक्कम वाटते. वगळलेला असतो तो लठ्ठपणावरचा शस्त्रोपचार, आणि तोही अटी पूर्ण होत नसतील तर. त्यातली बीएमआय ४० ची अट तुम्ही ओलांडलीच होती. हर्नियाची दुरुस्ती म्हणजे लठ्ठपणावरचा उपचार कसा? फक्त पॉलिसी सलग दोन वर्षं चालू आहे ना, ते पाहा, कारण हर्नियाचा खर्च विम्यातून मिळायला बहुधा तेवढी वाट पाहावी लागते. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. नकार आला किंवा महिन्यात उत्तर नाही आलं, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे खर्च नाही, आणि आम्हा वकिलांना उभंही करत नाहीत, तेवढीच तुमची फी वाचली.

केस होईपर्यंत दुरुस्ती लांबवू नका. दुसऱ्या सर्जनकडे करा. आधी फोटो आणि सीटीची सीडी ठेवा, आणि हर्निया नेमका कुठल्या जुन्या भोकाखाली सापडला ते त्यांच्या नोटमध्ये लिहायला सांगा. मधल्या काळात फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला किंवा उलट्या झाल्या, तर तडक रुग्णालय गाठा. आतडं अडकलं असेल तर ते तासांत बिघडतं.