रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतंय ते खोटं काय?

वडगावच्या एका अक्कांनी पहिल्याच भेटीत माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. दोन ईसीजी, इको, थायरॉइड, शुगर, पोटाची सोनोग्राफी. सगळं ठीक. हिमोग्लोबिन तेवढं कमी, त्याच्या गोळ्या सुरू होत्या.

"डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. म्हणजे मी नाटक करतो काय, मॅडम?"

(आमच्या बेळगाव भागात बायकाही 'मी करतो'च म्हणतात.) हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की अक्कांना विचारून, ओळख पटेल ते सगळं बदलून, त्यांची गोष्ट इथे सांगते.

घरात दोन पॉवरलूम. नवरा-बायको सकाळी सहापासून मागावर. नणंदेच्या कर्जाला अक्का जामीन राहिल्या, तिचे हप्ते थकले आणि वसुलीवाले यांच्या दारात येऊ लागले. बोळाच्या तोंडाशी मोटरसायकल थांबायची, स्टँड लावल्याचा आवाज यायचा, मग हाक. सहा महिने असं चाललं. पुढे दागिना मोडून कर्ज मिटवलं आणि त्रास खरा सुरू झाला तो त्यानंतर. रात्री दहाला माग बंद झाले, घर शांत झालं, की छातीत धडधड, बोटांना मुंग्या, ओठ बधिर. दोनदा मध्यरात्री रिक्षानं दवाखाना गाठला.

मी त्यांना आधी एवढंच सांगितलं, "अक्का, तुमची धडधड खरी आहे. हृदयाचा दोष नाही म्हणून ती खोटी ठरत नाही."

मग कागदावर मूत्रपिंडं काढली आणि त्यांच्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी. खानापूरच्या जंगलात अस्वल समोर आलं तर विचार करायला वेळ नसतो. मेंदूकडून मज्जातंतूंवाटे निरोप जातो, या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदय जोरात चालतं, रक्त हातापायांकडे वळतं, पचन मंदावतं. लढ किंवा पळ, अशी ही तयारी. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९१५ मध्ये ती मांडली. पाठोपाठ कॉर्टिसोल येतं आणि शरीराला सावध ठेवतं. अस्वल निघून गेलं की सगळं हळूहळू उतरतं. अक्कांचं अस्वल मात्र आठवड्याला येत होतं, आणि ना पळता येत होतं, ना लढता. सहा महिन्यांत मज्जासंस्थेनं स्टँडचा आवाज पाठ केला. आता शेजारच्या पोरानं गाडी लावली तरी तीच तयारी.

"म्हणून जेवण अंगी लागत नाही काय?" त्यांनीच विचारलं. होय, पोटातल्या वायूचं आणि जळजळीचं एक कारण तेही. असं वर्षानुवर्षं चाललं तर झोप, रक्तदाब, साखर सगळ्यांवर ताण येतो.

मुंग्यांचं मात्र वेगळं. घाबरल्यावर त्या भराभर, वरवर श्वास घेत. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटं-ओठ बधिरल्यासारखे होतात. अक्कांना तो अर्धांगवायू वाटला होता. हे कळल्यावर त्यांचे खांदे खाली आले, ते मी समोर बसून पाहिलं. सहा महिने कानापर्यंत ओढलेले खांदे!

पहिला उपाय माझा चुकला. डोळे मिटून श्वास मोजा म्हटलं, तर त्या दुसऱ्याच मिनिटाला घाबऱ्या झाल्या. डोळे मिटले की कान बाहेर लागायचे. मग विचारलं, भजनाला जाता? पूर्वी जात होत्या. भजनात ओळ लांबवताना श्वास सावकाश बाहेर जातो आणि त्या वेळी व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते. नाडीवर बोट ठेवून पाहिलं तर कित्येकांना हे जाणवतं. त्यांना डोळे उघडे ठेवून, चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत गुणगुणत बाहेर, असं दिवसातून दोनदा दहा मिनिटं सांगितलं. दुपारनंतरचा चहा बंद केला. रात्री माग थांबल्यावर लगेच अंथरुणावर न जाता नवऱ्याबरोबर गल्लीत एक फेरी. आणि कर्ज फिटल्याचा लेखी दाखला आणायला लावला. तो देवघरात ठेवलाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकानं छोट्या कर्जांच्या दांडगाईच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, हेही सांगितलं. अशी माहितीसुद्धा माणसाला धीर देते, असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र कळकळीनं सांगते. छातीत पहिल्यांदाच दुखलं, दम लागला, घाम फुटला, तर आधी दवाखाना; माझ्याकडे तपासण्या झाल्यावर या. चेहरा वाकडा झाला, एकाच बाजूचा हात-पाय गळाला तर एक मिनिटही थांबू नका. आणि रात्री जीव घाबरा झाला, बोलायला कुणी नसलं, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे.

नवव्या आठवड्यात अक्का आल्या त्या पिशवीशिवाय. धडधड गेली का, विचारलं.

"येते की. परवा बोळात गाडी थांबली, धस्स झालं. मनगटावर बोट ठेवलं, गुणगुणत ऱ्हायलो. गॅसवाला होता. तेवढ्यात धोट्यातली कांडी संपली, ती बदलली आणि माग चालू केला."