जिप्सीला नवी चाकं घेताय? आधी बॉनेट उघडून इंजिन नंबर वाचा

तुम्ही विचारलंय: २००१ ची मारुती जिप्सी किंग, दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेली. साठ-पासष्टच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, आरसीची मुदत चार महिन्यांत संपतेय, आणि टायरवाला म्हणतो, रुंद ॲलॉय आणि २३५ चे टायर टाका, सगळं गुळगुळीत होईल. साल सोडलं तर तुमचा प्रश्न माझ्याच डायरीतून फाडून घेतल्यासारखा आहे, म्हणून लांबलचक लिहितोय. मी मिस्त्री नाही आणि वकील तर मुळीच नाही. जे भोगलं ते सांगतो, बाकी आपापल्या गॅरेजला आणि आरटीओ कार्यालयात विचारून घ्या.

टायरवाल्याचं ऐकू नका. थरथर चाकांची नसेल तर नव्या चाकांनी ती चार दिवस दबते आणि मग दुप्पट होऊन येते. पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, चाक वरून आणि खालून धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं तो सांधा. जिप्सीत बहुतेक वेळा किंगपिनच निघतं. वर-खाली छोटी टेपर बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून जमवावा लागतो. हा ताण अंदाजाने जमवणारा मिस्त्री असेल तर दुसरा शोधा, स्प्रिंग काट्याने ओढून मोजणारा शोधा. टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांडीचे सांधे) आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश त्याच फेरीत बघून घ्या. स्टेअरिंग डँपर बदलून थरथर थांबली असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. डँपर आजार झाकतो.

अजून एक, गाडी उंच केलेली आहे का? आधीच्या मालकाने पुढे लांब शॅकल (पाट्या चेसिसला जोडणाऱ्या कड्या) लावले असतील तर ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा मागचा कल, कमी होतो आणि मग कितीही बॅलन्सिंग करा, वेग घेतला की नाच सुरू. जुने शॅकल परत लावा किंवा कॅस्टरची पाचर बसवून घ्या.

आता चाकं. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, पाच नटांचा १३९.७ मिलिमीटर, हे तुम्हाला माहीतच असेल. जुन्या जीपचाही तोच असल्यामुळे बाजारात रिंगा भरपूर दिसतात, पण नट बसले म्हणजे चाक बसलं असं नाही. मधलं भोक हबवर नीट बसतं का आणि नटाची बैठक शंकूची आहे का, हे हातात घेऊन बघा. ऑफसेट (रिंगेच्या मध्यापासून नटांच्या बैठकीचं अंतर) उणे घेतला की चाक बाहेर येतं, फोटोत झकास दिसतं, आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का स्टेअरिंगमधून मनगटात येतो. तुमची बेअरिंग आधीच थकलेली असणार, त्यांच्यावर हा भार कशाला? मापाचं म्हणाल तर कंपनीच्या २०५/७० आर १५ चा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, २१५/७५ चा ७०३, आणि २३५/७५ चा ७३३. म्हणजे २३५ टाकले की स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टने पळत असेल, पिकअप मरेल, आणि १.३ लिटरच्या इंजिनला घाटात दुसरा गिअर सोडवणार नाही. शिवाय २३५ ला निदान ६ इंच रुंदीची रिंग लागते, कंपनीच्या साडेपाचवर ते टायर फुगून बसतात. माझं मत: साडेपाच किंवा सहाची लोखंडी रिंग आणि २१५/७५, बस. ॲलॉयवाले रागावतील, रागावू द्या. लोखंडी रिंग वाकली तर तालुक्याच्या गावातही ठोकून मिळते.

मात्र हे सगळं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी आणि आरसीचं नूतनीकरण, झाल्यानंतर. आणि पासिंगच्या आधी इंजिन नंबर.

माझ्या गाडीत दोन मालकांआधीच्या कुणीतरी इंजिन बदललं होतं. चांगलं, रीतसर विकत घेतलेलं सेकंडहँड इंजिन होतं, तक्रार नाही. फक्त आरसीवर चढवलं नव्हतं. मुदत संपायच्या वेळी गाडी तपासणीला नेली, साहेबांनी नंबर पुसून वाचला आणि कागद बाजूला ठेवला. तिथून जे सुरू झालं ते आठवलं की अजून डोकं गरम होतं. आमच्या कार्यालयाचं म्हणणं, बदल जुन्या कार्यालयाच्या हद्दीत झाला, तिकडून दुरुस्त करून आणा. जुन्या कार्यालयाचं म्हणणं, एनओसी दिली, गाडी आमच्याकडे राहिलीच नाही, स्क्रीनवर दिसतसुद्धा नाही. बरं, तसं लेखी द्या म्हटलं तर "असं लेखी देत नसतात, तोंडी सांगा त्यांना." इकडे येऊन तोंडी सांगितलं तर "तोंडी कसं चालेल?" खिडकी क्रमांक बदलत गेले, उत्तर तेच. एक बाबू तर जेवणाच्या सुट्टीनंतर मला ओळखेनासा झाला. आणि या काळात उशिराचा दंड थांबत नाही, चारचाकीला महिन्याला ५०० रुपये. दोन कार्यालयांच्या भांडणाचं भाडं मी भरत होतो.

सुटलं कसं? मूळ मिस्त्री सापडला आणि त्याच्याकडे इंजिनच्या बिलाची कार्बन कॉपी निघाली. ते इंजिन चोरीचं नाही याचा पोलिसांकडचा दाखला जोडला. मग सगळं एका अर्जाला लावून तो आवक खिडकीवर दिला आणि प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतला. तो क्रमांक हातात आल्यावर तीच माणसं "बसा" म्हणायला लागली. तेव्हा तोंडी काही विचारू नका, अर्ज द्या, प्रत ठेवा. एजंट वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण नंबर न जुळणाऱ्या गाडीत एजंटही हात वर करतो, पैसे मात्र परत करत नाही.

म्हणून आजच बॉनेट उघडा, डिझेलचं फडकं मारून इंजिन नंबर वाचा, फोटो काढा. चेसिसच्या दांडीवरचा नंबरही गंजात बुजलेला असतो. तो वायर ब्रशने हलक्या हाताने मोकळा करा, ग्राइंडर लावू नका, खाडाखोड केल्यासारखं दिसलं की नवीनच कहाणी. जिप्सीत मारुती एस्टीम या कारचं इंजिन बसवलेलं असणं दुर्मीळ नाही, दोन्ही इंजिनं जी१३ या एकाच घराण्यातली. जुळत नसेल तर विकणाऱ्याला आत्ताच गाठा, तो अजून फोन उचलतोय तोवर.

नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी साठ दिवसांत करता येतो, नमुना २५. वीस वर्षांवरच्या चारचाकीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये शुल्क आहे, त्याआधी २०२२ पासून ५,००० होतं. पर्यावरण कर वेगळा. आकडे बदलत राहतात, जाण्याआधी खात्री करा. नंबर प्लेट नव्या पद्धतीची लावून न्या, त्यावरून परत पाठवतात.

आणि तपासणीला कंपनीच्या मापाच्या रिंगांवरच जा. मडगार्डाबाहेर आलेले टायर दिसले की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं, निघतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत बदल करण्याबद्दल निकाल दिल्यापासून सगळेच जरा कडक झालेत. माझ्या गाडीला आधीच्या मालकाच्या रुंद रिंगा होत्या, त्यामुळे मला एका मित्राच्या पाच रिंगा उसन्या न्याव्या लागल्या. तुमच्याकडे मूळ रिंगा असतील तर टायरवाल्याला एक्स्चेंजमध्ये अजिबात देऊ नका. तो किलोच्या भावाने घेतो.

जाता जाता: टायर कुठलेही घ्या, चारही एकाच मापाचे आणि एकाच झिजेचे. जिप्सीत मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नाही, पुढे-मागे व्यास वेगळा असेल आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकलं तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी, रडायला लागते. टायरच्या बाजूचे शेवटचे चार अंक वाचा, आठवडा आणि साल असतं. जुन्या रिंगा ट्यूबच्या असतील तर ट्यूबच ठेवा. कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नसलेल्या रिंगेवर ट्यूबलेस टायर हवा कमी झाली की निसटतो. पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर बदला, हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ते फुगतात. आणि नवी चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, चांदणीच्या क्रमाने, हाताच्या पान्याने. टायरवाल्याच्या एअर गनने नको.