"हातपाय धड आहेत, मग दाखला कसला मागायचा?"

डोक्याला मार लागलेल्यांच्या घरची माणसं मला हा प्रश्न हमखास विचारतात. गेल्या पावसाळ्यात एक ताई नवऱ्याला घेऊन आल्या. दीड वर्षापूर्वी त्यांची दुचाकी घसरली होती, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. टाके सुकले, ते चालू-फिरू लागले, घरच्यांनी नवस फेडला. पण वायरमन म्हणून गावभर फिरणारा हा माणूस आता गॅसवर दूध ठेवतो आणि अंगणात जाऊन बसतो. मुलीवर हात उगारतो, संध्याकाळी ते त्यांच्या लक्षातही नसतं. सासूबाई म्हणतात, सोंगं करतोय. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेले, तर "यांना काय धाड भरलीय?" म्हणून परत पाठवलं.

मी आधी एवढंच सांगितलं, की हे सोंग नाही. राग आवरणं, हातातलं काम तडीस नेणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि मार तिथेच बसलाय. ताई पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या.

मग कागदांकडे वळलो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. अपघातातल्या मेंदूच्या इजेला त्यांत वेगळं नाव नाही. ते मिळायलाच हवं, तोवर ही कुटुंबं अशीच खेटे घालत राहणार. पण त्यातली 'मानसिक आजारा'ची व्याख्या वाचा: विचार, भावना, स्मरणशक्ती यांत इतका बिघाड, की रोजचं जगणं अडतं. तो मोजताना स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद-समज आणि काम या चार गोष्टी पाहतात.

म्हणून ताईंना शंभरपानी वही घ्यायला लावली. रोजचं लिहायचं, जसं घडलं तसं. पहिल्या पानावर होतं: "सोमवार. आंघोळीला तीनदा सांगितलं. शर्ट उलटा. दूध उतू गेलं, गॅस मी बंद केला." सोबत डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन आणि स्मरणशक्तीच्या चाचणीचा अहवाल. नकार आलाच तर तो लेखी घ्या, याच कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं, की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाची अट मात्र आहे.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी वहीची पानं सावकाश उलटली. मग ताईंकडे बघून विचारलं, "रात्री झोप होते का तुमची?"