‘राष्ट्रीय अल्पसंख्याक’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : युरोपविषयीच्या एका लेखाच्या अनुवादात ‘नॅशनल मायनॉरिटी’साठी ‘राष्ट्रीय अल्पसंख्याक’ असे लिहिले होते. संपादकांनी ते ‘भाषिक अल्पसंख्याक’ केले. बरोबर काय? आणि ‘अल्पसंख्यांक’ चालेल का?

उत्तर : शेवटचे आधी उरकू. ‘अल्पसंख्यांक’ चालणार नाही. ज्यांची संख्या अल्प ते अल्पसंख्य, आणि ‘अल्प-संख्या’ला ‘क’ लागून अल्पसंख्याक. यात ‘अंक’ कुठेही नाही. ‘क्रमांक’, ‘निर्देशांक’ लिहायच्या सवयीने तो अनुस्वार डोक्यावर बसतो, इतकेच.

आता मुख्य मुद्दा. तुमचा शब्द बरोबर होता, मात्र तो मराठी वाचकाला चकवतो हेही खरे. आपल्याकडे हे दोन शब्द शेजारीशेजारी दिसतात ते ‘राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग’ या नावात. तिथे ‘राष्ट्रीय’ हे आयोगाचे विशेषण आहे : १९९२ च्या कायद्याने नेमलेला, देशपातळीवरचा आयोग. युरोपातल्या संज्ञेत ते त्या लोकांचे विशेषण आहे. राष्ट्र म्हणजे तिथे देश नव्हे, तर आपली भाषा, इतिहास आणि ‘आम्ही’पणाची जाणीव असलेला जनसमूह. डेन्मार्कच्या सीमेलगत जर्मनीत पिढ्यानपिढ्या राहणारे डॅनिश लोक जर्मन नागरिक आहेत, पासपोर्ट जर्मन आहे, पण ते स्वतःला डॅनिश मानतात. म्हणूनच अशा मजकुरात ‘नागरिकत्व’ म्हणायचे तिथे ‘राष्ट्रीयत्व’ लिहू नये, नाहीतर अख्खे वाक्य उलटे होते.

संदिग्धता टाळायला सोपा उपाय म्हणजे समास सोडवणे. ‘राष्ट्रीय अल्पसंख्याक संरक्षण करार’ असे डबे जोडत गेलात की ‘राष्ट्रीय’ कुणाचे ते कळत नाही. ‘राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठीचा चौकट करार’ लिहिले की षष्ठीमुळे विशेषण जागेवर बसते.

संपादकांचा बदल का चुकतो? एक तर या गटांची ओळख दर वेळी भाषेवरून ठरत नाही. स्वीडनने मान्य केलेल्या पाच राष्ट्रीय अल्पसंख्याकांत सामी, स्वीडनमधले फिन, तोर्नेदालचे लोक, रोमा आणि ज्यू आहेत, आणि यांतल्या कितीतरी जणांची घरची भाषा आज स्वीडिशच आहे. दुसरे, ‘भाषिक अल्पसंख्याक’ ही आपल्या राज्यघटनेतली ठरलेली संज्ञा आहे (अनुच्छेद ३५०-क व ३५०-ख) आणि व्यवहारात ती राज्यागणिक मोजली जाते. बेळगावचे मराठी लोक कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक. त्यांना युरोपीय अर्थाने ‘राष्ट्रीय’ म्हणणे जितके चूक, तितकेच डॅनिश लोकांना नुसते ‘भाषिक’ म्हणणे चूक.

पोलंडच्या २००५ च्या कायद्याने तर यात आणखी बारकावा आणला. ज्यांचे स्वतःचे राष्ट्र-राज्य कुठेतरी आहे अशा राष्ट्राशी नाते सांगणारे ते ‘राष्ट्रीय’ अल्पसंख्याक : जर्मन, लिथुआनियन, युक्रेनी वगैरे नऊ. ज्यांना असे राज्य नाही ते ‘वांशिक’ : कराईम, लेमको, रोमा, तातार. शिवाय पूर्वज किमान १०० वर्षे त्या भूमीवर राहत असले पाहिजेत. उत्तर पोलंडात बोलली जाणारी काशुबी या दोन्ही यादींत नाही. तिला ‘प्रादेशिक भाषा’ असा वेगळाच दर्जा आहे. पोलंडविषयी लिहिताना ‘राष्ट्रीय’ आणि ‘वांशिक’ एकमेकांच्या जागी टाकले, तर वाक्य कायद्याच्या दृष्टीने खोटे ठरते.

गंमत म्हणजे युरोप परिषदेच्या ज्या चौकट करारावर (वर समास सोडवला तोच) हे सगळे उभे आहे, त्यात राष्ट्रीय अल्पसंख्याकाची व्याख्याच नाही. १ फेब्रुवारी १९९५ ला तो स्वाक्षरीसाठी खुला झाला, १९९८ मध्ये अमलात आला. देशांचे व्याख्येवर जमेना, म्हणून ती गाळली. मग प्रत्येकाने आपली यादी केली. जर्मनीने चार गट धरले : डॅनिश, सोर्ब, फ्रिजियन आणि जर्मन सिंती व रोमा. लाखो तुर्की लोक त्यात नाहीत, कारण ते अलीकडचे स्थलांतरित मानले जातात. या निवडीबद्दल वाद घालता येईल, अनुवादकाने मात्र ‘जर्मनीतील राष्ट्रीय अल्पसंख्याक’ यात त्यांना घुसवू नये.

याच्या जोडीची सनद भाषांची, १९९२ ची : ‘प्रादेशिक वा अल्पसंख्याक भाषांसाठीची युरोपीय सनद’. तिचे नाव मराठीत ‘भाषिक हक्कांची सनद’ असे दिले की तिथेच घोटाळा होतो. ती व्यक्तींना वा गटांना हक्क देत नाही. ती भाषांचे रक्षण करते आणि जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. तिसऱ्या भागातून देशाने किमान ३५ परिच्छेद वा उपपरिच्छेद निवडायचे असतात. त्यांत शिक्षण आणि संस्कृती यांतून किमान तीन-तीन, तर न्यायालये, प्रशासन, माध्यमे आणि आर्थिक-सामाजिक जीवन यांतून किमान एक-एक. ही निवड भाषेगणिक वेगळी असू शकते. त्यामुळे ‘सनद मान्य केली’ एवढ्यावरून शाळा त्या भाषेत चालते की नाही, हे कळत नाही.

नावातल्या ‘प्रादेशिक भाषा’ला ही सनद लावते तो अर्थ आपल्या वापराशी जुळत नाही. आपण मराठी, तमिळ यांना प्रादेशिक म्हणतो, म्हणजे राज्याच्या राजभाषांना. इथे देशाच्या अधिकृत भाषेहून वेगळी आणि त्या भागात परंपरेने, कमी संख्येच्या नागरिकांकडून बोलली जाणारी भाषा अभिप्रेत आहे. अधिकृत भाषेच्या बोली आणि स्थलांतरितांच्या भाषा स्पष्टपणे वगळल्या आहेत. तेव्हा ‘युरोपात बोलीभाषांना संरक्षण’ हा मथळा बादच.

आणि सही म्हणजे अनुसमर्थन (देशाने करार अंतिमतः स्वीकारणे) नव्हे. फ्रान्सने १९९९ मध्ये या सनदेवर सही केली. पुढच्याच महिन्यात तिथल्या घटना परिषदेने तिच्यातला काही भाग घटनाविरोधी ठरवला आणि अनुसमर्थन आजवर झालेले नाही. दोन्ही दस्तऐवज युरोप परिषदेचे आहेत, युरोपीय संघाचे नव्हेत, हे तर रोज चुकते.

अल्पसंख्याकांच्या भाषेत पाटी वगैरे मिळायला वस्तीत त्यांचे प्रमाण किती हवे, त्या ‘थ्रेशोल्ड’ला कुणी ‘उंबरठा’ म्हणतात. सरळ ‘किमान टक्केवारी’ म्हणावे. ती कशाची, हेही लिहावे, कारण भांडण तिथेच असते. ऑस्ट्रियातल्या करिंथिया प्रांतात स्लोव्हेन अल्पसंख्याकांसाठी स्लोव्हेन नावांच्याही पाट्या, ऑस्ट्रियाला स्वातंत्र्य परत देणाऱ्या १९५५ च्या राज्य कराराने देय होत्या. १९७२ मध्ये लावल्या तेव्हा जमावांनी उखडल्या. पुढे कायद्याने किमान २५ टक्के लोक स्लोव्हेन असण्याची अट आली. सांक्ट कान्त्सियान गावात एका स्लोव्हेन वकिलाने मुद्दाम वेगमर्यादा मोडली आणि दंडाला आव्हान दिले : गावाची पाटी फक्त जर्मनमध्ये आहे, म्हणून ती कायदेशीर नाही, म्हणून त्या पाटीपासून सुरू होणारी मर्यादाही लागू नाही. २००१ मध्ये घटना न्यायालयाने २५ टक्क्यांची अट रद्द केली आणि दीर्घकाळ सुमारे १० टक्के वस्ती पुरे मानली. २०११ ची तडजोड १७.५ टक्क्यांवर झाली आणि १६४ वस्त्यांना द्विभाषी पाट्या मिळाल्या. हे टक्के एकेका वस्तीचे आहेत, प्रांताचे नव्हेत.

अशा गावांची नावे मराठीतही जोडीने द्यावीत : सांक्ट कान्त्सियान/श्कोत्स्यान, बोल्झानो/बोत्सेन (इटली), बाउत्सेन/बुदिशिन (जर्मनी). पहिल्या उल्लेखात दोन्ही, पुढे एक पुरते.